डावा कौल

"माका डावो होयो, वासूदादा."

देवळामागच्या विहिरीवर मी देवाची भांडी घासत बसलो होतो. मान वर करून पाहिलं तर सुलू. कमरेवर रिकामी कळशी, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. पाण्याला आल्याचं सोंग होतं, कारण तिच्या सासरी, गावकरांच्या परसात स्वतःची विहीर होती आणि तिला बारमाही पाणी.

"कसलो डावो?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"सोमवारी मामंजी कौल लावतले मा? झिलाचा दुसरा लगीन करू काय नको, म्हणान इचारतले. माका डावो होयो."

माझ्या हातातलं ताम्हण तसंच राहिलं. सव्वीस वर्षांचा होतो मी तेव्हा. वडिलांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढला म्हणून दोन वर्षं काजरवाडीच्या रवळनाथाची पूजा माझ्याकडे आली होती. या दोन वर्षांत कौल मागायला शंभर माणसं आली असतील. त्यांतलं एकही डावा मागायला आलं नव्हतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे अडल्या प्रश्नाला देवाला कौल लावतात. गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना एकेक जास्वंदीची पाकळी ओली करून चिकटवायची. मग मानकऱ्याने हात जोडून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला प्रश्न सांगायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. नवखा माणूस इथेच फसतो. उजवी पडली की लोक ती पाकळी कपाळाला लावतात, पदराच्या टोकाला बांधून घरी नेतात. डावी पडली तर तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी ती केरात काढायचो.

आमच्या बोलण्यातच ते मुरलेलं आहे. मुलीचं लग्न झालं की लेक उजवली. बाईला दिवस गेले की कूस उजवली. आणि एखाद्याला पंगतीतून, मानातून, वाटणीतून बाजूला सारलं की त्याला डावललं. सहा वर्षांत कूस उजवली नाही म्हणून सुलूला आता डावलायचं चाललं होतं, आणि ती पोर माझ्याकडे डावाच मागत होती.

"अगो, ता देवाच्या हातात," मी म्हणालो.

"देवाच्या हातात नाय. तुझ्या हातात आसा." ती कळशी खाली ठेवून जवळ आली. "मावशीन माका सांगल्यान."

मावशी म्हणजे माझी आई. सुलू तिच्या माहेरच्या गावची, शेजारच्या घरातली. लग्न होऊन काजरवाडीत आली तेव्हापासून तिला जीव लावायला या गावात तेवढं एकच घर. सासूने टाकून बोललं की ती आमच्या मागल्या पडवीत येऊन बसायची आणि आई तिच्यापुढे पेज ठेवायची. अशाच कुठल्यातरी दुपारी आईच्या तोंडून ते निघून गेलं असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. कोणाच्या पोटात काय राहतं ते मला नंतर कळलं.

"मी उजव्या पायान माप ओलांडून ह्या घरात इलंय," सुलू म्हणाली. "सगळ्यांनी सांगल्यानी, उजवो पाय आधी टाक, बरा होतला. टाकलंय. आता सवत इली तर माका गोठ्यात झोपवतले. मामंजींनी चेडू बगून ठेवल्यानी आसा. फकस्त देवाचा होय म्हणणा ऱ्हवला हा."

"दिगू काय म्हणता?"

दिगंबर म्हणजे तिचा नवरा, तिच्या सासऱ्यांचा, आपा गावकरांचा एकुलता एक मुलगा.

"ते काय म्हणतले? ते बापाशीकडे बगतत आणि मगे जमनीकडे बगतत." तिने कळशी उचलली. "तू माका भावासारखो, म्हणान मागतंय. एक डावो. आणि काय नको."

मी तिला हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि ती शहाणी होती, तिला ते पुरलं.

आईने तिला जे सांगितलं ते खरं होतं. वडिलांनी पूजा माझ्या हाती देताना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, जी पाकळी राहायला हवी तिला देठाशी बोटभर ओलं गंध लावायचं आणि जी पडायला हवी ती नुसत्या पाण्यावर ठेवायची. पाणी सुकलं की पाकळी सुटते. गंध संध्याकाळपर्यंत धरतं. "लोकांचा मन राखूक लागता रे," ते म्हणाले होते. "तापान फणफणलेला पोर घेऊन आवस येता, तिका डावो देतलंस?" मीही असे चार-पाच कौल दिले होते. उजवा द्यायचो आणि वर सांगायचो, देवाने होय म्हटलंय, पण तू आधी डॉक्टरकडे जा. त्यात मला कधी पाप वाटलं नाही.

दुसरी गोष्ट गुरवाच्या अधिकाराची. वारा आला, पाल फिरली, पाकळी नीट बसली नाही, असं काहीही वाटलं तर गुरवाने म्हणायचं, 'परत लावतंय.' का, म्हणून विचारायचा हक्क कोणालाच नाही, मानकऱ्यालासुद्धा नाही. पाषाणाला हात लावणारा तोच एकटा.

रविवारी रात्री जेवताना आईच विषय काढून बसली. "सुलू इल्ली मा तुझ्याकडे? बगशीत काय तिचा?"

मी मान हलवली. वडील भिंतीला टेकून बसले होते. डोळे गेल्यापासून त्यांचे कान तिखट झाले होते.

"आपाच्या कौलाक हात लावू नको," ते म्हणाले.

"कित्याक?"

"नको म्हटलंय मा! जसो पडात तसो पडांदे."

मला रागच आला. परक्या पोराच्या आईचं मन राखायचं, आणि आईच्या गावची पोर जन्मातून उठायची वेळ आली तर जसो पडात तसो? म्हातारा आपाला घाबरतो, एवढंच मी त्यातून घेतलं. तेही खोटं नव्हतं म्हणा.

सोमवारी सकाळी देवळात वीसेक माणसं जमली. आपा गावकर पहिले मानकरी. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, आवाज असा की गाऱ्हाणं घालायला लागले की सभामंडपातली कबुतरं उडायची. दुसऱ्यांच्या प्रश्नालाही गाऱ्हाणं तेच घालायचे. आज तर प्रश्नही त्यांचा स्वतःचा होता. दिगंबर त्यांच्यामागे उभा राहून फरशी बघत होता. बायका डाव्या अंगाच्या खांबांपाशी, आणि सगळ्यांत मागे सुलू. आंघोळ करून, केसांत अबोलीची वेणी माळून आली होती.

मी गाभाऱ्यात गेलो. उजव्या पाकळीला देठाशी गंध लावलं, चांगलं दाबून. डावी नुसत्या पाण्यावर ठेवली.  छाती फुगली होती. देव कोणाचं ऐको न ऐको, आज एका बाईचं घर मी राखतोय, असं वाटत होतं. तशी मिजास मला पुन्हा कधी वाटली नाही.

बाहेर येऊन म्हटलं, "घाला गाऱ्हाणा."

आपा पुढे झाले. उंबऱ्याशी वाकले, डोकं टेकलं. मग कधी नाही ते खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि पाषाणाकडे बघत राहिले. आधी उजव्या खांद्याकडे, मग डाव्या. नमस्काराला एवढा वेळ लागत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं असेल.

त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला गावाने अशी साथ द्यायची असते, आणि त्यात गुरवाचा आवाज पुढे असावा लागतो.

"आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सा वर्सा झाली, माझ्या झिलाच्या घरात पाळणो हलाक नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर देवा, आज तुका एकच इचारतंय. ही सून, सुलोचना, ही माझ्या घरात ऱ्हवाची असात तर उजवो दी. ऱ्हवाची नसात, हिचा अन्नपाणी माझ्या घरातला सरला असात, तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो.

म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते.

देवळात कुजबुज झाली. प्रश्न दुसऱ्या लग्नाचा होता, हे गावाला ठाऊक होतं. पण मानकरी देवाला काय विचारेल तो त्याचा अधिकार. मी पाषाणाकडे पाहिलं. डाव्या पाकळीचं टोक सुटून पुढे वाकलं होतं.

अजून पडली नव्हती. मी आत जाऊ शकत होतो. 'परत लावतंय,' दोन शब्द. मागे वळून पाहिलं तर सुलू माझ्याकडेच बघत होती. घाबरलेली नव्हती. मी आता बोलणार, याची तिला खात्री होती. तिच्या त्या नजरेनेच माझी जीभ टाळ्याला चिकटली. परत लावतंय म्हटलं तर आपा विचारणार नाहीत, त्यांना विचारायचा हक्कच नाही. पण ते माझ्याकडे बघतील. आता ते बघतच होते. शांतपणे, जरासे हसून, एखाद्या हुशार पोराकडे बघावं तसे. तेव्हा मला चष्म्याचा अर्थ लागला. त्यांनी माझं गंध वाचलं होतं. कुठली पाकळी पडणार ते ओळखून त्यांनी प्रश्न फिरवून घेतला होता.

पाकळी पडली.

"बोल गुरवा," आपा म्हणाले. "खंयचो पडलो?"

पडलेला कौल गुरवाने तोंडाने सांगायचा असतो. त्याशिवाय तो कौल नाही.

"डावो," मी म्हणालो.

बायकांत कोणीतरी रडलं. सुलू नव्हती ती. ती खांबापासून निघाली आणि माणसांमधून सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. बाजूला हो, असं तिला कोणी म्हटलं नाही. पाकळी घरंगळत उंबऱ्याशी आली होती. तिने ती उचलली, पदराच्या टोकाला बांधली, अगदी उजव्या कौलाची बांधतात तशी गाठ मारून, आणि देवाला पाठ न दाखवता मागे मागे गेली. दिगंबर फरशी बघत होता.

त्याच दिवशी दोन वाजताच्या एसटीने ती माहेरी गेली. एक पत्र्याची ट्रंक, तेवढंच. आई तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली आणि परत आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

देऊळ रिकामं झाल्यावर आपा मागे राहिले होते. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बापाशीचो हात इलो हा रे तुका," ते म्हणाले. "बरा झाला. माका काळजी होती."

मी तसाच घरी गेलो. वडील पडवीत बसले होते. काय झालं ते त्यांना आधीच कळलं होतं. गावात बातमीला पाय असतात.

"तुका सांगलेलंय," ते म्हणाले.

"आपाक पाकळी वाचूक येता, ता सांगलंस नाय!"

"येतली नाय तर काय! तीस वर्सा माझ्या बाजूक उभो ऱ्हवलो तो. तेका होयो तोच पडलो तीस वर्सा. बांधाचो, पाण्याचो, देवळाच्या मानाचो."

"आणि माका सांगलंस, लोकांचा मन राखूक!"

"ताय खोटा नाय." त्यांनी पांढरे डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने वळवले. "पण ह्या घर खंयच्या जमनीत आसा, ता तुका ठाऊक नाय? आपा उद्या म्हणालो उठा, तर आंधळ्या बापाशीक आणि आवशीक घेऊन तू खंय जातलंस?"

 देवळात मी गप्प राहिलो तेव्हा माझ्या मनात नेमकं तेच आलं होतं. शब्दसुद्धा तेच.

पुढच्या वर्षी सुलूच्या माहेरच्यांकडून काडीमोडाच्या कागदावर सही आणली गेली आणि दिगंबरचं दुसरं लग्न लागलं. दुसरीचीही कूस उजवली नाही. तिच्यासाठी मात्र कौल लावायला कोणी आलं नाही. वडील गेले, त्यांच्या मागोमाग आईही गेली, आणि मी पूजा चुलतभावाच्या हाती देऊन रत्नागिरीला एका शाळेत शिपायाची नोकरी धरली. घर आपांच्या जमिनीत उभं होतं ते तसंच राहिलं. त्यात राहायला कोणी उरलं नाही.

बावीस वर्षांनी मामा वारला. बाराव्याला आईच्या माहेरच्या गावी गेलो. पंगती उठल्या होत्या. मी मागल्या पडवीत हात धुऊन टेकलो, तर पाण्याचा पेला पुढे आला. पेला धरलेला हात भाजल्याच्या डागांनी भरलेला. मी वर पाहिलं.

"वळाखलंस नाय मा?" सुलू म्हणाली. केस पांढरे झाले होते, अंग सुकलं होतं, आवाज तोच होता. मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती ती, वीस वर्षं. भावाच्या घरी एक खोली होती. लग्न पुन्हा केलं नव्हतं. हे सगळं तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि समोर जोत्यावर बसली.

मी बावीस वर्षं मनात घोळवलेलं बोलायला लागलो. "सुलू, त्या दिवशी आपान प्रश्न फिरवल्यान. मी तुझ्यासाठी डावोच..."

"ठाऊक आसा. मी मागितलंय तो तू दिलंस. तुझ्या हाताची चूक नाय ती." ती माझ्याकडे बघत नव्हती, अंगणातल्या उष्ट्या पत्रावळींकडे बघत होती. "पण पाकळी पडाक येळ होतो. मी मागे उभी होतंय, तुझ्याकडे बगी होतंय. म्हटलंय, आता वासूदादा म्हणतलो, परत लावतंय. तितक्याच म्हणाचा होता."

"माझी जीभ..."

"व्हय म्हाराजा म्हणाक बरी वळली जीभ. सगळ्यांत मोठो आवाज तुझो होतो."

मी पेला खाली ठेवला.

"मीया बोलाक शकत होतंय," ती म्हणाली. "गंध दाखवलंय असतंय सगळ्यांका. बगा, पाकळी कशी चिकटवल्यान हा ती. पण लोकांनी इचारल्यानी असता, तुका कोणी सांगल्यान? मावशीचा नाव इला असता. आपान तुमका घरातसून भायर काढल्यान असता. मी इचार केलंय, माझा घर तर गेलाच. मावशीचा तरी ऱ्हवांदे. म्हणान गप ऱ्हवलंय." मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "तू कोणाच्या घराचो इचार केलंस, वासूदादा?"

खोटं बोलता आलं असतं. बाराव्याच्या घरी, तिच्यासमोर, जमलं नाही.

"आमच्याच," मी म्हणालो.

तिने मान हलवली. हिशेब पटल्यासारखी नव्हे, नुसतं ऐकू आलं म्हणून. मग उठली, माझ्यासमोरचा पेला उचलून विसळला, पालथा घातला, आणि राहिलेल्या माणसांना वाढायला आत गेली.